आधी गोळ्या मोजा: युद्धपट काढणाऱ्यांना साताऱ्याहून खुलं पत्र

प्रति,
युद्धपट लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि त्यांतले स्फोट, आवाज, मारामारी, रंगभूषा सांभाळणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सातारा जिल्ह्यातले निवृत्त सैनिक. कुणी पायदळातले, कुणी तोफखान्यातले, कुणी सॅपर म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातले, कुणी आर्मी मेडिकल कोअरमधले. हे पत्र कुठल्या एका चित्रपटावर नाही, म्हणून एकाचंही नाव यात येणार नाही. युद्धपट निघावेत, आणखी निघावेत, असंच आम्हाला वाटतं. पण ते कुठे बघितले जातात ते ध्यानात घ्या. सातारा तालुक्यात आपशिंगे गाव आहे, त्याच्या नावाला 'मिलिटरी' जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. या जिल्ह्यात युद्धपट लागला की पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटर पळणारी भरतीची पोरं तो बघायला जातात, आणि ज्यांचा मुलगा किंवा नवरा आज सीमेवर आहे त्या बायाही जातात. लढाई म्हणजे काय हे दोघंही पडद्यावरून ठरवतात.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. लढाई ही टंचाईत करायची गोष्ट आहे. माण-खटावच्या माणसाला टंचाई म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. घागरभर पाणी कुणाला, कशाला, कधी वापरायचं हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. जवानाचं तसंच असतं. गोळ्या मोजक्या, दम मोजका, अंधार उरलाय किती ते मोजलेलं, आणि जखमी झाला तर अंगातलं रक्तही मोजकं. तुमच्या पडद्यावर या सगळ्याची रेलचेल असते. गोळ्या संपत नाहीत, दम लागत नाही, मरणारा माणूस पाच मिनिटं बोलतो. त्यात जवान मोठा दिसतो असं तुम्हाला वाटतं. आम्हाला तो लहान झालेला दिसतो, कारण ज्या अडचणीवर त्याने मात केली ती अडचणच तुम्ही काढून टाकलेली असते.

गोळ्यांचा हिशेब सरळ आहे, तिथून सुरू करू. एके-४७ ऑटोवर ठेवून घोडा दाबून धरला तर ती मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते. मॅगझिनमध्ये गोळ्या ३०. म्हणजे तीन सेकंदांत मॅगझिन रिकामी. पाऊचमध्ये चार-पाच मॅगझिन धरल्या तर सगळं मिळून बारा ते पंधरा सेकंदांचं काम. भरलेली लोखंडी मॅगझिन साधारण ८०० ग्रॅमची असते. आता पडद्यावरचा नायक सलग चाळीस सेकंद गोळ्या झाडतो ते दृश्य घ्या. ४०० गोळ्या, १४ मॅगझिन, अकरा किलोच्या वर ओझं. ते त्याच्या अंगावर कुठे होतं? खरा जवान एकेक गोळी मारतो, फार तर दोन-तीनचा बर्स्ट. इन्सास रायफल तर बनवतानाच अशी बनवली की तिच्यात सलग फायर नाहीच. एकेक किंवा तीन-तीन, आणि मॅगझिन २० ची. १९६२ चं चीन युद्ध दाखवायचं असेल तर हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल हवी. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. आत दहा गोळ्या, आणि भरायच्या त्या पाच-पाचच्या क्लिपांनी. लडाखच्या थंडीत बोटं बधिर झालेली असताना क्लिप खाचेत बसवणं हेच एक दृश्य आहे. ते आजवर कुणी नीट घेतलेलं आमच्या पाहण्यात नाही.

मॅगझिन बदलणं हा तर नाटकाने भरलेला क्षण. बदलणारा ओरडून शेजाऱ्याला सांगतो, कारण त्या तीन-चार सेकंदांत शेजाऱ्याने फायर वाढवायचा असतो. रिकामी मॅगझिन तो फेकत नाही, पाऊचमध्ये किंवा शर्टात कोंबतो, कारण नंतर सुट्या गोळ्या मिळाल्या तर त्या भरायच्या कशात? तुमचे नायक रिकामी मॅगझिन झटक्यात दूर भिरकावतात. दिसायला छान दिसतं. रात्री पुन्हा हल्ला आला की याच माणसाच्या हातात रायफलीचा नुसता दांडा उरेल.

एलएमजीवर, म्हणजे लाइट मशीनगनवर, दोन माणसं लागतात. नंबर एक फायर करतो. नंबर दोन मॅगझिन देतो, गोळी कुठे पडते ते बघतो आणि जादा बॅरल वाहतो. ब्रेन जातीच्या एलएमजीवर जलद फायर चालू असेल तर दहा मॅगझिननंतर बॅरल बदलायची, अशी शिकवण आहे. बॅरल तापली की गोळ्या भरकटायला लागतात. आणि हत्यार अडकतं. बर्फाने, मातीने, गोठलेल्या तेलाने, मॅगझिनचा ओठ वाकल्याने. फौजी हिंदीत याला 'रोक' म्हणतात आणि ती काढण्याला 'फौरी इलाज'. हा इलाज डोळे बांधून करता यावा इतका घोटून घेतलेला असतो, कारण तो बहुतेक वेळा अंधारातच करायचा असतो. युद्धपटात हत्यार अडकतं ते फक्त खलनायकाचं आणि फक्त शेवटच्या दृश्यात.

फौजेत नेम धरण्यालाही 'शिस्त लेना' म्हणतात. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द वेगळा वाटतो, पण तो आम्हाला फार नेमका वाटत आला आहे. कमरेला रायफल टेकवून, धावत, एका हाताने मारलेली गोळी कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नसतं. चढ चढून आलेल्या माणसाची नाडी दीडशेच्या पुढे पळत असते, रायफलीचं टोक श्वासागणिक वर-खाली होतं. म्हणून तो आधी आडवा होतो, कोपर टेकवतो, श्वास अर्धा सोडून थांबवतो. शिवाय लढाईतला बहुतेक फायर माणूस टिपण्यासाठी नसतोच. समोरच्याने डोकं वर काढू नये म्हणून तो असतो. दहा जणांचा सेक्शन पुढे सरकतो तेव्हा निम्मे फायर करतात आणि निम्मे तीन ते पाच सेकंद पळून पुन्हा आडवे होतात. त्याहून जास्त वेळ उभा राहिला तर समोरच्याची शिस्त पुरी होते. दहाच्या दहा जण एकदम उठून घोषणा देत धावतात, हे दृश्य आम्ही इतक्यांदा बघितलंय की भरतीच्या पोरांना हीच रीत वाटू लागली तर नवल नाही.

घोषणेचंही तसंच. मराठा लाइट इन्फंट्रीची 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही ललकारी शत्रूचा मोर्चा, म्हणजे त्याचं ठाणं, अगदी हातघाईवर आल्यावर उठते. तोपर्यंत सगळी चढाई मुकी असते. खोकला दाबतात, पाण्याची बाटली हलून वाजू नये म्हणून काठोकाठ भरतात किंवा पूर्ण रिकामी करतात, धातूला धातू लागेल तिथे कापड गुंडाळतात. तीन तासांची शांतता आणि मग शेवटच्या पन्नास पावलांवर ती ललकारी. पायथ्यापासून जयजयकार सुरू केला तर शत्रू जागा होतो, आणि शेवटच्या क्षणी प्रेक्षकाच्या अंगावर काटाही येत नाही.

आता आवाज. ध्वनिसंयोजकांना आमची खास विनंती आहे की हा भाग दोनदा वाचावा. रायफलीची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, कडाक्याच्या थंडीत थोडा कमी. गोळी नळीतून सुटताना ७०० ते ९०० मीटर. त्यामुळे ज्याच्यावर गोळी झाडली जाते त्याला दोन आवाज येतात. आधी डोक्याशेजारून कोरडा, चाबकासारखा तडाखा, तो गोळीचा. मग लांबून जड धमक, ती रायफलीची. दोन्हींत जवळपास एक सेकंदाचं अंतर पडलं तर रायफल सहाशे मीटरच्या आसपास आहे. जवान हे अंतर मनात मोजतो आणि शत्रू किती लांब आहे ते ठरवतो. तडाखा दिशेची फसगत करतो, कारण तो गोळीच्या वाटेवरून येतो. नवखा पोरगा भलतीकडेच बघत बसतो आणि जुना जवान धमक येईपर्यंत वाट बघतो. एवढ्या एका सेकंदात तुम्हाला नवखा आणि मुरलेला असे दोन जवान एकही संवाद न लिहिता दाखवता येतील. पण तुमच्या पडद्यावर गोळी 'सुईऽऽ' करत येते आणि बंदुकीचा आवाज त्याच क्षणी कानाशी वाजतो.

हाच हिशेब तोफेला लावा. किलोमीटरभर लांब फुटलेला गोळा आधी दिसतो, आवाज तीन सेकंदांनी येतो. आणि बंद खोलीत रायफलीच्या दहा-बारा गोळ्या चालल्या की कानात शिटी वाजत राहते, बराच वेळ माणूस माणसाला ऐकू जात नाही. त्यानंतर लगेच नायक कुजबुजत सूचना देतो ते खोटं आहे. हाताच्या खुणा असतात, खांद्यावर थाप असते, तोंड कानाला लावून ओरडणं असतं.

तोफखान्यावर तर युद्धपटांनी फारच अन्याय केलाय. १९९९ च्या कारगिल लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, मॉर्टर बॉम्ब आणि रॉकेटं डागली. बोफोर्सचा १५५ मिमीचा एक गोळा चाळीस किलोहून जड. सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं, त्यावरून अंदाज करा. ते दिवसरात्र उचलणारी माणसं पडद्यावर दिसतच नाहीत. दिसतो तो वायरलेसवर ओरडणारा अधिकारी, आणि दोन सेकंदांत पडणारा गोळा. खरी रीत अशी. पुढे निरीक्षण चौकीवर बसलेला ओपी अधिकारी नकाशावरची जागा देतो. मागून एक गोळा येतो. पंधरा-वीस किलोमीटरवरून येणाऱ्या गोळ्याला मिनिटभराच्या आसपास लागतो. तो लक्ष्याच्या पलीकडे पडतो. अधिकारी सुधारणा देतो, पुढचा अलीकडे पडतो, अंतर निम्मं करत करत तो लक्ष्यावर आणतो आणि मगच सगळ्या तोफांना 'फायर फॉर इफेक्ट', म्हणजे एकदम माऱ्याचा हुकूम मिळतो. दर सुधारणेमागे एक मिनिट, आणि त्या प्रत्येक मिनिटाला खाली उघड्यावर पडलेली आपली माणसं. यात ताण कमी आहे का? उलट बाजूही आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमधल्या रेझांग ला इथे १३ कुमाऊं पलटणीच्या चार्ली कंपनीला तोफांची मदत मिळू शकली नाही, कारण मधे डोंगराची धार होती आणि गोळे तिच्यावरून पलीकडे नेमके टाकता येत नव्हते. सुमारे १२० जणांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. एक डोंगरधार मधे येणं, एवढ्याने एका कंपनीचं नशीब ठरलं. पटकथाकाराला आणखी काय हवं?

स्फोटाचं थोडक्यात सांगतो. नारिंगी आगीचा लोळ पेट्रोलचा असतो. तोफेच्या गोळ्यात पेट्रोल नसतं. डोळ्याला जाणवेल न जाणवेल अशी चमक, मग करडा-काळा धूर, माती, दगड. मारतात ते छर्रे, आणि खडकाळ जागी दगडांचे तुकडेही. भुसभुशीत बर्फात तोच गोळा रुतून कमी नुकसान करतो. छर्रे वर आणि बाजूला जातात, म्हणून 'लेट' हाच पहिला हुकूम. माणूस वीस फूट उडत नाही, जागच्या जागी कोसळतो. ३६ नंबरच्या ग्रेनेडची पिन दातांनी उपसायला जाल तर दात जाईल. पिनेची टोकं वाकवलेली असतात आणि बोटात कडी अडकवून जोर लावावा लागतो. लिव्हर सुटल्यावर चार सेकंद. फेक पंचवीस-तीस मीटरची, पण छर्रे त्याहून लांब जाऊ शकतात, म्हणून फेकणाऱ्याने स्वतःच आडोशाला जायचं असतं. उभं राहून स्फोट बघायचा नसतो. ८४ मिमीचं रॉकेट लाँचर मागे भिंत असलेल्या छोट्या खोलीतून चालवाल तर मागे उसळणारा झोतच चालवणाऱ्यांना मारेल. मोटारीच्या दारामागे लपून रायफलीच्या गोळीपासून कुणी वाचत नाही, इंजिनमागे वाचला तर वाचला.

आणि भूसुरुंग. पायाखाली 'टिक्' वाजतं, नायक थिजतो, पाय उचलला की फुटेल म्हणून दहा मिनिटं भाषण चालतं. दाबाची माइन दाबल्यावर फुटते, पाय उचलण्याची वाट बघत नाही. छोट्या माइनमध्ये स्फोटक तीसेक ग्रॅमच असतं. ती जीव घ्यायला केलेली नाही, पाऊल न्यायला केलेली आहे. कारण पाऊल गेलेल्या एका माणसाला उचलायला चार माणसं अडकतात. माइन शोधणारा सॅपर पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे टोचून बघायची सळई, जमिनीत तिरका, तीसेक अंशांत घालतो. सरळ वरून घातला तर तोच दाब माइनच्या डोक्यावर पडेल. बोटा-दोन बोटांच्या अंतराने टोचत जायचं, सापडली की खूण, मागे पांढरी फीत टाकत मीटरभर रुंदीची वाट. काही मीटरला तासच्या तास लागतात. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि पाडलेल्या झाडांचे अडथळे गोळीबाराखाली काढले. स्वतः जखमी असताना ते रणगाड्याच्या आडोशाने सरपटत पुढे गेले आणि दोरीच्या इशाऱ्यांनी चालकाला थांब-चल सांगत राहिले. परमवीरचक्र मिळालं त्या कामात त्यांनी किती माणसं मारली, हा प्रश्नच नव्हता.

डोंगर चढण्याबद्दल. कारगिलची शिखरं सोळा-सतरा हजार फुटांवरची. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. नऊ हजार फुटांच्या वर जायचं तर फौज माणसाला टप्प्याटप्प्याने सवय करते: पहिल्या टप्प्यात सहा दिवस, मग चार, मग पुन्हा चार, एकूण चौदा. ते न करता पळवलं तर फुप्फुसात पाणी होतं आणि धट्टाकट्टा जवान गोळी न लागता जातो. पाठीवर वीस-पंचवीस किलो. १०० गोळ्यांचं वजन, मोठ्या ७.६२ च्या असतील तर, अडीच किलोला टेकतं. तेवढ्यासाठी माणूस डब्यातलं खाणं मागे ठेवतो. असा माणूस वर पोचल्यावर भाषण करत नाही. त्याला तीन शब्दही सलग बोलता येत नाहीत. तुमच्या नटाला अजिंक्यतारा पायथ्यापासून पंचवीस किलो पाठीवर घेऊन न थांबता चढवा आणि वर पोचल्या पोचल्या संवाद म्हणायला लावा. अजिंक्यतारा साडेतीन हजार फुटांच्याही आतला. तरी जो आवाज येईल तो ध्वनिमुद्रित करून ठेवा.

हल्ला रात्री चढतो, कारण दिवसा उघड्या उतारावर आडोसा नसतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि एक फ्लेअर, म्हणजे उजेड पाडणारा गोळा, वर पेटली की ती सगळी कमाई गेली. म्हणून जुने जवान एक डोळा मिटून घेतात. पहाटेपर्यंत माथा हाती आला नाही तर उजेडात सगळे उघडे पडतात. घड्याळ हा या लढाईतला सगळ्यात मोठा शत्रू आहे. लोंगेवालाची रात्रही घड्याळाचीच होती. ४-५ डिसेंबर १९७१. २३ पंजाबची एक कंपनी समोर पाकिस्तानी रणगाडे असताना तग धरून बसलेली, आणि जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं. शत्रूचे रणगाडे काटेरी तारेपाशी, पुढे सुरुंग असतील या धास्तीने खोळंबले आणि त्यात मोलाचा वेळ गेला. उजाडलं आणि विमानं आली. वाट बघणं, टिकून राहणं, गोळी राखून ठेवणं. हे दाखवायला तुम्ही बिचकता, कारण त्यात कुणी हवेत उडी मारत नाही.

जखमेवर आमचा सगळ्यात जास्त राग आहे, कारण इथे खोटं दाखवल्याने खरी माणसं जातात, आणि तीही फक्त लढाईत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या अपघातातही लोक पडद्यावर बघितलेलंच करतात. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. पहिलं काम रक्त थांबवणं. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायची पट्टी, जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांध्यावर नाही; रक्त थांबेपर्यंत आवळायची, बांधल्याची वेळ लिहायची आणि डॉक्टरशिवाय कुणी सैल करायची नाही. दुखतं, जखमी ओरडतो, तरी आवळायची. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं. पडद्यावर मात्र मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालण्याचा प्रसंग हमखास असतो. बेशुद्ध माणसाचं डोकं मांडीवर उचलून धरलं की हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडतो, त्याला कुशीवर वळवायचं असतं. सुरी तापवून गोळी उकरून काढत नाहीत. गोळी आत राहिली तर राहू द्यायची, रक्त थांबवायचं आणि माणूस उबदार ठेवायचा, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. खांद्यात लागलेली गोळी 'काही नाही, लागलं थोडं' म्हणण्यासारखी नसते. तिथून हाताच्या सगळ्या नसा आणि मोठी धमनी जाते.

मग त्याला खाली न्यायचं. स्ट्रेचरला चार माणसं, डोंगरात बदलीला आणखी चार. दहाच्या सेक्शनमधला एक पडला की हल्ला थांबवायचा की पुढे जायचं, हा निर्णय सेक्शन कमांडरला त्या क्षणी घ्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो 'पुढे' असाच असतो. मित्राला मागे टाकून जाण्याचा तो क्षण एखाद्या मोठ्या नटाच्या चेहऱ्यावर बघायला मिळावा अशी आमची इच्छा आहे. रेझांग लाचे मृतदेह फेब्रुवारी १९६३ मध्ये सापडले तेव्हा नर्सिंग असिस्टंटच्या हातात सिरिंज आणि पट्ट्या तशाच होत्या. त्याच्यावर कुणी अख्खा चित्रपट काढावा.

माथा काबीज झाला की तुमचा चित्रपट संपतो: झेंडा, सूर्योदय, वाद्यवृंद. लढाईत सगळ्यात धोक्याचा अर्धा तास तिथून सुरू होतो. हातातून गेलेल्या मोर्चाचं नेमकं ठिकाण शत्रूच्या तोफखान्याला पाठ असतं, कारण कालपर्यंत तो तिथेच बसलेला होता. तेव्हा आधी उलट्या दिशेने मोर्चे वळवायचे, नफरी घ्यायची, कोण आहे, कोण नाही, जखमींच्या आणि मेलेल्यांच्या पाऊचमधल्या गोळ्या गोळा करून उरलेल्यांत वाटायच्या, एलएमजी जिथून प्रतिहल्ला येईल तिकडे लावायची. याला 'रीऑर्ग' म्हणतात. झेंडा नंतर. अतिरेकीविरोधी मोहिमांतही हेच. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते, १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात कामी आले. ती शोधमोहीम कित्येक दिवस चाललेली होती. दाट झाडी, थंडी, एकेक नाला, एकेक कपार तपासत जाणं. दहा मिनिटांची चकमक म्हणजे मोहीम नव्हे.

शत्रू मूर्ख आणि भेदरट दाखवू नका. टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्याचं नाव होतं, हुद्दा कॅप्टनचा) ज्या शौर्याने लढला ते आपल्याच ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवांनी त्याच्या देशाला लिहून कळवलं. पुढे त्याला तिकडचा सर्वोच्च सन्मान, निशान-ए-हैदर मिळाला. समोरचा असा होता, तरी टायगर हिल घेतली. समोरचा पळपुटा दाखवलात तर ती घेण्यात मोठेपण कुठलं राहिलं?

किरकोळ वाटतील पण डोळ्यांत खुपतात अशा काही गोष्टी. सॅल्यूटला स्थलसेनेचा तळवा समोर उघडा, नौदलाचा खाली वळलेला, वायुसेनेचा २००६ पासून तिरका. डोक्यावर टोपी, बेरे, पगडी काही नसेल तर सॅल्यूट नाही, नुसतं सावधान. पंचविशीतला लेफ्टनंट आपल्या सुभेदाराला नावाने 'अरे' म्हणत नाही, 'सुभेदार साहेब' म्हणतो. आणि मराठा जवानाच्या हिंदीवर हशा पिकवणं आता पुरे झालं. 'गणपत' म्हणून ज्यांना फौज ओळखते ती माणसं १९४४-४५ मध्ये इटलीत लढली, त्यांतल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. विनोदासाठी दुसरा कुणी शोधा.

सेटवरच्या हत्यारांबद्दल मात्र ही विनंती नाही, आग्रह आहे. ब्लँक काडतुसात गोळी नसते, पण दारू खरी असते. नळीच्या तोंडाशी तापलेला वायू आणि बूच जवळच्या माणसाला ठार करू शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका सेटवर खरी गोळी सुटून छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेल्या. हत्यारं एकाच जबाबदार माणसाच्या कुलपात ठेवा. खरं काडतूस चित्रीकरणाच्या आवारातच येऊ देऊ नका. देणाऱ्याने नटासमोर हत्यार उघडून दाखवावं आणि नटाने स्वतः आत गोळी नाही ना ते बघावं. नेम माणसाच्या बाजूला धरा, कोन कॅमेरा सांभाळून घेईल. जेवणाच्या सुट्टीत रायफल खुर्चीला टेकवलेली दिसली तर काम थांबवा.

पाय गमावलेल्या किंवा कमरेखाली लुळं झालेल्या जवानाचं पुढचं आयुष्य लिहायचं असेल तर पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे आणि खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून. साताऱ्याहून दोन-अडीच तास. परवानगी घेऊन जा, कॅमेरा न नेता जा, आणि व्हीलचेअरवरचा माणूस पलंगावरून खुर्चीत कसा येतो तेवढं बघून या.

वाई-मेणवलीला, पाचगणीच्या पठारावर तुमची चित्रीकरणं होतातच. तिथून आम्ही फार लांब नाही. पटकथा वाचायला, नटांना हत्यार धरायला, पडायला, स्ट्रेचर उचलायला शिकवायला आम्ही येऊ. मानधन नको, श्रेयनामावलीत नाव नको. गोळीबाराच्या प्रसंगांसाठी एक दिवस मोकळा ठेवा, ध्वनिसंयोजकाला सोबत आणा. आणि येताना पटकथेतल्या ज्या पानांवर 'तुंबळ गोळीबार' एवढंच लिहिलं असेल ती पानं खूण करून आणा. प्रत्येक पानावर कोणाकडे किती गोळ्या उरल्यात, ते आपण बसून लिहू.

आपले,
सातारा जिल्ह्यातील काही निवृत्त सैनिक